लॉन उकरण्याआधी खुरपं कुणाच्या हातात आहे ते बघा

पत्र :
‘साताऱ्यात आमचं स्वतःचं घर आहे. पुढच्या बाजूला सुमारे सहाशे चौरस फूट लॉन आहे. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, निवृत्तीनंतर स्वतः उभं राहून ते करून घेतलं, त्याला आता बारा वर्षं झाली. रोज सकाळी ते पाटावर बसून खुरप्यानं त्यातलं तण काढत बसतात. उन्हाळ्यात आम्ही टँकर मागवतो, तरी लॉनला पाणी द्यावंच लागतं. मला तिथं भाजीपाला लावायचा आहे. गेले आठ महिने मी प्लॅस्टिकच्या बाटल्या साठवतेय, दीडशेच्या आसपास झाल्या. त्यांची कंपाउंडच्या भिंतीवर हिरवी भिंत करायची आणि रंगाच्या रिकाम्या बादल्यांत टोमॅटो-वांगी लावायची, असं मनात आहे. मुलगी चौथीत आहे, शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’चा प्रकल्पही आहे. पण बाबा म्हणाले, “मी आहे तोवर लॉन राहील.” त्यानंतर घरात हा विषयच निघत नाही. माझं चुकतंय का? आणि लॉन काढायचंच झालं, तर नेमकं कसं काढायचं?’
— एक वाचक, सातारा

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर थांबले. बाबा रोज सकाळी पाटावर बसून तण काढत बसतात, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलं आहे. मला मात्र त्यात तुमच्या परसबागेचा माळी दिसला. घरोघरच्या भाजीच्या बागा कशानं मोडतात, हे मी बरीच वर्षं बघते आहे. बियाणं वाईट निघतं किंवा माती हलकी असते म्हणून क्वचितच. मृगात उत्साहानं बी टोकलं जातं, आषाढात वेल मांडवावर चढतात, आणि श्रावणात सणवार सुरू झाले की खुरपायला कुणी नसतं. महिनाभरात भाजी तणाखाली जाते. तुमच्या घरात बारा वर्षं न चुकता खुरपणारा माणूस आहे. तुमच्या अंगणात पाणी कुठं तुंबतं, डिसेंबरात भिंतीची सावली कुठवर येते, मुळं खाणारी हुमणी अळी कोणत्या कोपऱ्यात लागली होती, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तुम्ही त्यांना या बागेतला अडथळा समजलात, तेवढं मात्र चुकलं.

“मी आहे तोवर लॉन राहील” हे त्यांनी ‘सगळं काढून टाकू’ या बोलण्याला दिलेलं उत्तर आहे. नोकरी संपल्यावर माणसानं स्वतःच्या हातानं उभं केलेलं ते पहिलं काम असेल, आणि ते निरुपयोगी आहे असं घरातल्यांनी म्हटलं की कुणालाही लागेल. म्हणून सगळं काढायचा विचार आधी सोडा. एक आठवडाभर नुसतं बघा की घरातल्यांचे पाय त्या हिरवळीवर कुठं कुठं पडतात. संध्याकाळच्या खुर्च्या कुठं मांडल्या जातात, मुलगी कुठं खेळते, पाहुणे आले की कुठं बसतात. माझा अंदाज आहे की सहाशेपैकी दोन-अडीचशे फुटांवरच माणसांचा वावर असेल. तेवढी हिरवळ ठेवाच, ती कामाची आहे. उरलेल्या जागेवर कुणी फिरकत नाही, तिला फक्त पाणी द्यायचं आणि ती कापायची एवढंच चालतं. बोलायचं आहे ते त्या जागेबद्दल.

आणि बोलताना यजमानांना मध्ये घालू नका, स्वतः बोला. सकाळी बाबा पाटावर बसलेले असतील तेव्हा शेजारी जाऊन बसा आणि विचारा, “बाबा, वर्षभर सगळ्यात जास्त ऊन कुठल्या बाजूला असतं?” गोड बोलून काम साधा, असं मी सांगत नाहीये. तुम्हाला भाजी लावायची आहे हे सरळ सांगून टाका. पण हा प्रश्न मनापासून विचारा, कारण त्याचं उत्तर तुम्हाला खरोखरच हवं आहे. भाजीला दिवसाचं निदान पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि ती जागा बाबांनाच माहीत आहे.

पाण्याचा हिशोबही त्यांच्यासमोर मांडा, पण भांडणासाठी नको. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचं लॉन साधारण ५६ चौरस मीटरचं आहे. भर उन्हाळ्यात ते हिरवं ठेवायचं तर रोज निदान ५ मिलिमीटर पाणी लागतं, म्हणजे २८० लिटर. वीस लिटरच्या चौदा बादल्या. भाजीला पाणी लागत नाही असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. तिलाही लागतं, आणि वैशाखात भरपूर लागतं. पण वाफ्यावर पाचटाचं किंवा वाळल्या पाल्याचं चार बोटं आच्छादन असलं की ओल टिकते, आणि उन्हाळ्यात निम्मे वाफे मोकळे ठेवायची सोय असते. हिरवळ उन्हाळाभर मोकळी सोडता येत नाही.

आता लॉन काढायचं कसं, ते सांगते. पहिल्या वर्षी फक्त दोन वाफे करा. रुंदी साडेतीन फूट, लांबी दहा फूट, मध्ये दीड फुटाची वाट. साडेतीन फूटच का, तर दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पाय पडला की माती दबते, मग मुळं आडवी पसरतात आणि पाणी वरच्या वर वाहून जातं.

विकत आणून अंथरलेली हिरवळ काढणं तसं सोपं असतं. कुदळीनं पट्टे कापून चटईसारखी गुंडाळता येते. खरा त्रास देतात ते त्यात घुसलेले दोघे, हरळी आणि लव्हाळा. हरळीची कांडी जमिनीखालून धावते आणि पेराएवढा तुकडा राहिला तरी फुटते. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, वरून उपटलं की पात हातात येते आणि गाठ आत राहते. म्हणून उकरण्याआधी जमीन तापवून घ्या. आत्ताच होळी झाली आहे, वेळ अगदी योग्य आहे. पाडव्याच्या सुमारास त्या दोन वाफ्यांवरचं गवत जमिनीलगत कापा, जमीन वीतभर खोल ओली होईल इतकं पाणी सोडा, आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत पक्क्या गाडा. पारदर्शकच हवं. त्यातून ऊन आत जातं आणि उष्णता अडकते, काळ्या कागदाखाली माती तितकी तापत नाही. नवा कागद विकत आणू नका. नवी गादी, कपाट किंवा फ्रिज आला की त्यावर जाड पारदर्शक कव्हर येतं, ते फर्निचरच्या दुकानाबाहेर रोज पडलेलं असतं. चार-सहा आठवडे तसंच राहू द्या. वरवरची हरळी आणि बरंचसं तणाचं बी त्या उष्णतेत मरतं, खोल गेलेली हरळी पुन्हा फुटू शकते. लव्हाळा पूर्ण मरत नाही, त्याला बाबांचं खुरपंच लागेल. काम झालं की कव्हर धुऊन घडी करून ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा वापरता येईल.

मेच्या मध्यावर कव्हर काढलं की वर पुठ्ठा अंथरा. खोक्यांवरची चिकटपट्टी आणि पिना आधी काढा, गुळगुळीत रंगीत छपाईचा पुठ्ठा घेऊ नका. एक पुठ्ठा दुसऱ्यावर वीतभर चढला पाहिजे, नाहीतर हरळी नेमकी त्या फटीतून वर येते. पुठ्ठा चिंब भिजवा. त्यावर उसाचं पाचट, ते साताऱ्याच्या आसपास मागाल तेवढं मिळेल. मग कुजलेलं शेणखत आणि माती मिळून सहा इंचांचा थर. मृग नक्षत्र लागेपर्यंत, म्हणजे ७-८ जूनच्या सुमारास, वाफा पेरणीला तयार असेल. पुठ्ठा खालच्या खाली कुजतो आणि गांडुळं त्याच्याखाली येतात. पावसाळ्यात एकदा मुलीला कोपरा उचलून दाखवा.

त्याआधी एक गोष्ट बाबांना नक्की विचारा आणि त्यांनी दोष दिल्यासारखं वाटून घेऊ नये अशा बेतानं विचारा. गेल्या वर्ष-दीड वर्षात लॉनवर तणनाशक किंवा हुमणी-वाळवीचं औषध टाकलं होतं का? टाकलं असेल तर त्या जागेत पहिल्या हंगामात खायचं काही लावू नका. नुसता झेंडू लावा, तो दसऱ्या-दिवाळीला कामी येईल. आणि त्या लॉनचं कापलेलं गवत कंपोस्टमध्ये घालू नका.

काय लावायचं हे मी ठरवून देणार नाही. तुमच्या घरात रोज कोणती जुडी येते त्यावरून ठरवा. तरी सुरुवातीला टोमॅटोच्या नादी लागू नका, पावसाळ्यात त्याच्यावर करपा रोग येतो आणि नवख्या माणसाचं मन मोडतं. मृगावर भेंडी, गवार, चवळी टोका. दोडका आणि दुधी कंपाउंडच्या कडेला लावून मांडवावर चढवा. मेथी, पालक, चाकवत हे पाऊस ओसरल्यावर, दसऱ्याच्या आसपास. मेथी महिन्याभरात हाताशी येते, पालक कापत राहिलात तर तीन-चार वेळा देतो. अळू मात्र आत्ताच लावा, तांदूळ धुतलेलं पाणी जिथं जातं तिथं. साबणाचं पाणी पालेभाजीवर नको. केळ आणि कर्दळ ते चालवून घेतात.

शेवगा लावाच, पण दारापासून लांब. ‘दारात शेवगा नको’ असं जुनी माणसं म्हणतात, त्यामागचं कारण साधं आहे : त्याची फांदी ठिसूळ असते, वाऱ्यात मोडून डोक्यात पडते. पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके बसतात, लहान मुलांना त्यांची फार खाज येते. दरवर्षी कमरेएवढा छाटत जा, म्हणजे शेंगा हाताला येतात आणि अळ्याही नजरेत राहतात. बियाण्यासाठी शक्यतो एखाद्या शेतकरी ओळखीच्या घरचं गावरान बी मिळवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या परसातून देशी वाणांची बियाणं जपली आणि त्यांच्या या कामासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या वाल-घेवड्याच्या वाणांबद्दल मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा दरवर्षी पाकिटातलं संकरित बी आणायची आपली सवय मला खटकते. संकरित भेंडीचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं, तर तसंच झाड येईल याचा भरवसा नसतो. गावरान बी दरवर्षी धरता येतं.

आता बाटल्या. इथं मी तुम्हाला नाराज करणार आहे, पण मनापासून सांगते : भिंतीवरची बाटल्यांची बाग करू नका.

मी ती केली होती. आमच्या गच्चीच्या पश्चिमेच्या भिंतीवर सुतळीनं साठ बाटल्या आडव्या टांगल्या, त्यात पालक आणि पुदिना. पौषात ती भिंत इतकी सुंदर दिसली की शेजारपाजारचे बघायला आले. चैत्र लागला आणि चित्र पालटलं. एका बाटलीत माती मावते जेमतेम लिटरभर. सकाळी घातलेलं पाणी दुपारी बाराला आटायचं आणि माती हाताला चटका बसेल इतकी तापायची. मुळंच भाजली. तरी मी बाटल्या तशाच ठेवल्या, पुढच्या हंगामासाठी. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईला पहिली बाटली हातात घेतली तर ती पापडासारखी मोडली. उन्हानं ते प्लॅस्टिक ठिसूळ झालं होतं. त्याचे पारदर्शक कपचे मातीत मिसळले. त्या मातीतून ते निवडत मी दोन रविवार चाळण घेऊन बसले होते, आणि तरी सगळे निघाले असं मी शपथेवर सांगू शकत नाही. ज्या मातीतून आपण पोरांच्या ताटात भाजी घालणार, तिच्यात ते नकोत. शिवाय बाटल्यांत आणि खालच्या थाळ्यांत पाणी साचून राहिलं की डेंग्यूचा डास तिथंच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा सगळं रिकामं करून वाळवायला लागतं, आणि साठ बाटल्यांचं ते काम कुणी करत नाही.

मग दीडशे बाटल्यांचं करायचं काय? त्यातल्या वीस-पंचवीस ठेवा, त्या बागेत खरंच राबतील. दोन लिटरची बाटली घ्या. झाकणाला तापवलेल्या सुईनं दोन बारीक भोकं पाडा. झाकणावर जुन्या सुती साडीचा तुकडा बांधा, म्हणजे मातीनं भोकं बुजत नाहीत. बूड कापताना पूर्ण तोडू नका, तीन बाजूंनी कापून झापेसारखं राहू द्या, ते मिटलं की डास आत जात नाही. ही बाटली उलटी करून रोपाच्या मुळाशी तीन-चार बोटं खोल रोवा आणि वरून भरा. पाणी हळूहळू थेट मुळाशी झिरपतं. चार दिवस गावाला जायचं असलं तर मिरचीच्या आणि वांग्याच्या रोपांना एवढ्यानं तग धरता येतो. दुसरा उपयोग कोवळ्या रोपांवर टोपी म्हणून : बूड कापलेली बाटली, झाकण काढून, भोपळ्याच्या नव्या रोपावर पालथी घाला. गोगलगाय आणि चिमण्या दोघांपासून बचाव होतो. चार पानं झाली की काढून घ्या. उन्हात पडून ठिसूळ व्हायला लागलेली बाटली लगेच बदला. मातीत मोडू देऊ नका.

उरलेल्या सव्वाशे धुऊन, वाळवून, झाकणं वेगळी करून, चेपून कचरावेचक ताईंना द्या. त्यांच्या बुडाशी त्रिकोणात १ हा आकडा असेल. ते पेट प्लॅस्टिक, त्याला भंगारात भाव मिळतो आणि पुढे त्याचा धागा होतो. त्यांना रंग लावू नका, चमकी चिकटवू नका, त्यात सिमेंट भरू नका. बाटलीची फुलदाणी झाली की आपण कचरा वाचवला असं वाटतं, पण रंगवलेली, गोंद लावलेली बाटली भंगारवाला घेत नाही. दोन वर्षं ती कपाटावर धूळ खाते आणि शेवटी कचरा डेपोवरच जाते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे, त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. त्या बायका हातानं निवडतात म्हणून आपलं प्लॅस्टिक कारखान्यापर्यंत पोचतं. स्वच्छ बाटली वेगळी करून त्यांच्या हातात देणं, हे मला कुठल्याही शोभेच्या वस्तूपेक्षा मोठं काम वाटतं.

मुलीच्या प्रकल्पासाठीही हाच निकष लावा. प्रकल्प आहे म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटल्या विकत आणून ओतून टाकणारे पालक मी पाहिले आहेत. तिला ती ठिबक बाटली करायला द्या. ती मिरचीच्या रोपाला लावू द्या, रोज किती पाणी उतरलं त्याच्या रेघा बाटलीवर मारू द्या, आणि रेघांसकट शाळेत नेऊ द्या.

रंगाच्या बादल्या खाण्याच्या झाडांना नकोतच. कितीही घासल्या तरी कडेला रंगाचा थर राहतो आणि त्यात काय काय असतं ते डब्यावर लिहिलेलं नसतं. त्यात तुळस किंवा कढीपत्ताही नको, कारण ती पानं आपण खातो. जास्वंद, मोगरा लावा. औषधांचे, कीटकनाशकांचे डबे तर घरातही ठेवू नका. थर्मोकोलचे खोके आणि फ्लेक्सचे बॅनर लोक हौसेनं वापरतात, दोन्ही टाळा. थर्मोकोलचे दाणे दाणे होतात आणि फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी. डब्यात लावायचंच असेल तर १५ लिटरचे तेलाचे प्लॅस्टिक कॅन घ्या, ते खाण्याच्या वस्तूसाठीच बनलेले असतात. अर्ध्यात आडवे कापले की मेथी-कोथिंबिरीला पुरतात. भोकं बुडाला पाडा आणि एप्रिलपासून कॅन शेडनेटखाली किंवा भिंतीच्या सावलीत ओढा.

दुधाच्या पिशव्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण त्या घरात रोज येतात. कात्रीनं कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो चिमुकला तुकडा वेगळा पडला की कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. धुऊन वाळवलेल्या पिशव्यांना तळाशी दोन भोकं पाडली की रोपं करायला उत्तम, रोपवाटिकेत असतात तशाच. उरलेल्यांच्या पट्ट्या कापून क्रोशानं चटई विणता येते. पूर्वी घरोघरी वायरच्या पिशव्या विणल्या जायच्या, ज्या हातांनी त्या विणल्या त्यांना हे शिकवावं लागत नाही. पुण्यात ‘रिचरखा’ आणि ‘इकोकारी’ हे गट टाकाऊ प्लॅस्टिकच्या पट्ट्या चरख्यावर आणि हातमागावर विणून पिशव्या करतात. घरात सासूबाई किंवा आई विणणाऱ्या असतील तर पावसात वापरायला एक चटई करा, बाबांना वाफ्याशी बसायला. ओल्या जमिनीवर पाट किती दिवस टिकणार?

एक वीतभर कोपरा हरळीसाठीही राखून ठेवा, वाफ्यांपासून लांब, फरशीनं वेढलेला. बाबा बारा वर्षं जी उपटत आले तीच दूर्वा, आणि भाद्रपदात आपण तिचीच जुडी बाजारातून आणतो. हे त्यांना सांगून बघा, मला वाटतं त्यांना आवडेल.

न्हाणीघराच्या पाण्याचा उतार कोणत्या बाजूला आहे, हे तुमच्या पत्रात नव्हतं. तो लॉनच्या बाजूला असेल तर तिथं केळीचे दोन कंद लावता येतील, मागच्या बाजूला असेल तर ते तिकडेच लावा. बाबांना विचारून कळवा. त्यांनी ऊन कुठल्या कोपऱ्यात दाखवलं, तेही लिहा.